चौसष्ट घरे आणि एक फट

१८४४६७४४०७३७०९५५१६१५. ही वीस अंकी संख्या पाठ नसली तरी तिची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. बुद्धिबळ शोधणाऱ्याला राजाने बक्षीस विचारले. त्याने पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरे भरून मागितली. राजा हसला, आणि मग कोठारे रिती होऊ लागली. गोष्ट इथे संपते आणि ऐकणारा तोंडात बोट घालतो. ग्रॅममागे पंचवीस दाणे धरले तर हा गहू सुमारे ७३,८०० कोटी टन भरतो. आज साऱ्या जगात वर्षाला जेमतेम ७८-८० कोटी टन गहू पिकतो, म्हणजे हे बक्षीस नऊशेहून अधिक वर्षांच्या पिकाएवढे झाले. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. ती सगळी संपल्यावरही ही संख्या उरतेच, तिच्यात १८४ परार्ध आणि वर काही आहे. पण मोठेपणाचे हे कौतुक मला नेहमी तोकडे वाटत आले आहे. कोणत्याही संख्येचा मोठेपणा तिच्यात एक मिळवून हिरावून घेता येतो. ही संख्या लक्षात ठेवण्याजोगी आहे ती तिचे अवयव पाडले की काय दिसते त्यासाठी. त्यातही सगळा अर्थ एका जागी एकवटला आहे: एका मोठ्या गणितज्ञाने जिथे फट नाही असे मानले होते, तिथे ती निघाली.

गोष्टीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. तेराव्या शतकातला चरित्रकार इब्न खल्लिकान ती सांगतो. त्याच्या कथेत शोधकाचे नाव सिस्सा आणि राजाचे शिहराम आहे. दांतेने स्वर्गातल्या देवदूतांची गणती सांगताना याच दुपटीचा आधार घेतला. १८८३ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका याने 'हनोईचा मनोरा' हे कोडे बाजारात आणले, तेही टोपणनावाने. त्याला जोडून काशीच्या देवळात चौसष्ट सोन्याच्या चकत्या हलवत बसलेल्या पुजाऱ्यांची कथा पसरली. चौसष्ट चकत्यांना लागणाऱ्या खेळ्या नेमक्या आपल्या संख्येइतक्या होतात. सेकंदाला एक खेळी धरली तर सुमारे ५८,००० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे आजवरचे वय १,३८० कोटी वर्षे आहे. कथा काशीची असली तरी काशीत ती कुणाला ठाऊक नव्हती, हे निराळे सांगायला नको.

या सगळ्यांत गणिताच्या अंगाने महत्त्वाचा माणूस मात्र अल्बेरुनी. भारतावरच्या ग्रंथामुळे तो आपल्याला परिचित आहे. पण त्याआधी, इसवी सन १००० च्या सुमारास लिहिलेल्या कालगणनेच्या ग्रंथात त्याने पटावरच्या दाण्यांचा हिशेब केला आहे. चौसष्ट बेरजा करत बसायला तो तयार नव्हता. त्याने दोन गोष्टी हेरल्या. पहिली अशी की कोणत्याही घरापर्यंतच्या दाण्यांची बेरीज पुढच्या घरातल्या दाण्यांपेक्षा बरोबर एकाने कमी असते: १ + २ + ४ म्हणजे ७, आणि पुढच्या घरात ८. म्हणून सगळ्या पटाची बेरीज म्हणजे पटावर नसलेल्या पासष्टाव्या घरातले दाणे वजा एक. दुसरी अशी की एका घरातल्या संख्येचा वर्ग केला की पहिल्या घरापासून दुप्पट अंतरावरच्या घरात उडी बसते. तिसऱ्या घरातल्या ४ चा वर्ग १६, हे पाचवे घर. १६ चा वर्ग २५६, हे नववे. २५६ चा वर्ग ६५,५३६, हे सतरावे. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, हे तेहतिसावे. आणि एक शेवटचा वर्ग केला की थेट पासष्टावे. मोजक्या वर्गांत काम फत्ते. आजचे संगणक मोठे घात काढताना याच युक्तीने काढतात.

अल्बेरुनी ज्या जिन्याने वर चढला, त्याच जिन्याने खाली उतरले की संख्येचे अवयव पडतात. शाळेत सगळ्यांनी घोकलेले सूत्र आहे: अ वर्ग वजा ब वर्ग म्हणजे अ अधिक ब गुणिले अ वजा ब. आपली संख्या म्हणजे ४२९४९६७२९६ चा वर्ग वजा १. म्हणून तिचे दोन अवयव, ४२९४९६७२९७ आणि ४२९४९६७२९५. त्यातला दुसरा पुन्हा एका वर्गातून एक वजा करून आलेला आहे. त्याचे ६५५३७ आणि ६५५३५ होतात. पुढे २५७ आणि २५५, मग १७ आणि १५, मग ५ आणि ३. प्रत्येक पायरीवर 'अधिक एक'वाला अवयव बाजूला पडतो आणि 'वजा एक'वाला पुन्हा फुटतो. शेवटी हाती येतात ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. यांचा गुणाकार म्हणजे चौसष्ट घरांचा गहू. या सहांपैकी कोणत्याही दोहोंचा मसावि १ आहे. ही साखळी कितीही लांबवली तरी तसेच राहते, आणि त्यामुळे मूळ संख्या अनंत आहेत याची एक झटपट सिद्धता मिळते. ती गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला पत्रातून कळवली होती. दशमान अंकांकडे पाहून मात्र यातले काहीच कळत नाही. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' असे गोड नाव दिले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८७, म्हणजे ३ गुणिले २९. आणि २९ हा काही तिचा अवयव नव्हे. तिचा हर्ष दुसरीकडे आहे.

तो कुठे आहे ते पाहायला सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये जावे लागते. पिएर द फर्मा याने १६४० पासून आपल्या पत्रांतून एक समजूत वारंवार मांडली: ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ संख्या आहेत, त्याअर्थी याच पद्धतीने पुढे येणाऱ्या साऱ्या संख्या मूळच असणार. पुढची म्हणजे ४२९४९६७२९७. आपल्याकडे पक्की सिद्धता नाही अशी कबुली त्याने दिली होती, पण विश्वास ढळू दिला नव्हता. जवळजवळ नव्वद वर्षे हे असेच राहिले. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाखने एका पत्राच्या ताजा कलमात तरुण ऑयलरला विचारले की फर्माचे हे म्हणणे तुला ठाऊक आहे का. ऑयलरने आधी फारसे मनावर घेतले नाही. मग घेतले, आणि १७३२ मध्ये, पंचविशीत, त्याने दाखवून दिले की ४२९४९६७२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. उरलेला अवयव ६७००४१७. जिन्याची सहावी पायरी भरीव नव्हती.

ऑयलर ६४१ पर्यंत पोहोचला कसा हे समजून घेण्यात खरी मौज आहे. दहा अंकी संख्येचे अवयव शोधायचे तर एकेक मूळ संख्या घेऊन ६५,५३६ पर्यंत भागाकार करत जावे लागते. साडेसहा हजार मूळ संख्या. ऑयलरने सिद्ध केले की या विशिष्ट संख्येला मूळ अवयव असलाच तर त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. म्हणजे पाहायच्या संख्या ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ अशा. यातल्या मूळ संख्या तेवढ्या ठेवल्या तर उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकारालाच फट सापडते. चटका लावणारी गोष्ट अशी की ही चाळणी ज्या प्रमेयातून निघते ते फर्माचे स्वतःचेच आहे, आणि तेही १६४० मधलेच. हत्यार त्याच्या हातात होते, काम पाच भागाकारांचे होते. माझ्या मते त्याने ते भागाकार केलेही असावेत आणि कुठेतरी हातचा चुकला असावा; पहिली पाच उदाहरणे इतकी सुबक जुळल्यावर सहाव्याची पडताळणी माणूस जरा सैल हाताने करतो. पुढे १८७८ मध्ये ल्यूकाने, तोच तो मनोऱ्यावाला, ही चाळणी आणखी बारीक केली: ६४ च्या जागी १२८ घेतले तरी चालते. मग ६४१ ही दुसरीच उमेदवार ठरते, पहिली २५७. उरलेली ६७००४१७ मूळ आहे की नाही हे पाहायलाही हीच चाळणी पुरते. तिचे वर्गमूळ २५८८ च्या आसपास आहे आणि तिथपर्यंत चाळणीतून उतरणाऱ्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. एकीनेही भाग जात नाही. सात अंकी संख्या मूळ ठरवायला पाच भागाकार, यापेक्षा स्वस्त सौदा अंकगणितात क्वचितच मिळेल.

भागाकार न करताही ६४१ चे काम दाखवता येते. ती सिद्धता इतकी देखणी आहे की टाळवत नाही. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा. एक, ५ गुणिले १२८ अधिक १. दोन, ६२५ अधिक १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. आता फक्त ६४१ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीकडे लक्ष ठेवा. पहिल्या मांडणीनुसार ५ गुणिले १२८ ची बाकी उणे १. तिचा चौथा घात केला की उणे जाऊन बाकी १ होते. आणि १२८ हा २ चा सातवा घात असल्याने आपल्याला कळते की ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ आहे. दुसऱ्या मांडणीनुसार ५ च्या चौथ्या घाताच्या जागी उणे १६, म्हणजे उणे २ चा चौथा घात, बिनदिक्कत ठेवता येतो. ठेवला की २ चा ३२ वा घात उणे चिन्हासह समोर येतो आणि त्याची बाकी १. म्हणजेच २ चा ३२ वा घात अधिक १ याची बाकी शून्य. सगळे तोंडी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झेराह कोलबर्न हा अमेरिकन बालगणिती लंडनला आला असता त्याला हीच दहा अंकी संख्या घातली गेली आणि त्याने तिचे अवयव तिथल्या तिथे सांगितले, असे नमूद आहे. त्याने ते कसे काढले हे त्याला सांगता आले नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. या संख्येचे अवयव पडतात ते वर्गांच्या वजाबाकीच्या सूत्रामुळे. २ चा कोणताही सम घात घेऊन त्यातून १ वजा करा, अवयव पडणारच. मग तिचे वेगळेपण ते काय? आक्षेप निम्मा खरा आहे. पहिल्या पाच पायऱ्या बीजगणिताने फुकट दिल्या आहेत. पण अवयव पडणे वेगळे आणि पडलेला प्रत्येक तुकडा मूळ निघणे वेगळे. ३२ व्या घातापर्यंत ते घडते, आणि त्याचे फळ भूमितीत दिसते. गाउसने १७९६ मध्ये, वयाची एकोणीसही पूर्ण झालेली नसताना, कंपास आणि पट्टीने सुसम सतराभुज काढता येतो हे दाखवले. पुढे त्याने आणि १८३७ मध्ये वान्त्सेलने मिळून जो निकष पक्का केला, त्यानुसार बाजूंची संख्या विषम असेल तर ती या साखळीतल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून आलेली असावी लागते. अशा मूळ संख्या आजवर पाचच ठाऊक आहेत, म्हणून ज्ञात विषम बहुभुज ३१. त्यातला सर्वांत मोठा ४२९४९६७२९५ बाजूंचा, म्हणजे आपल्या संख्येचा 'वजा एक'वाला अर्धा. हेर्मेस नावाच्या जर्मन माणसाने ६५५३७ बाजूंच्या बहुभुजावर दहा वर्षे घालवली. त्याचे बाड ग्योटिंगनला जपून ठेवले आहे. इतक्या बाजू काढल्यावर आकृती वर्तुळच दिसते, पण तो मुद्दा नव्हता.

याच ३१ संख्या आपल्या मेरुप्रस्तारातही दडलेल्या आहेत. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर हलायुधाने दहाव्या शतकात जी टीका लिहिली तीत तो स्पष्ट मांडला आहे. शाळेच्या पुस्तकात तो पास्कलचा त्रिकोण म्हणून येतो. त्यातल्या प्रत्येक विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा, आणि प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीने वाचा. ओळी येतात १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७ अशा. बत्तिसाव्या ओळीत बत्तीस एकम आहेत, म्हणजे ४२९४९६७२९५. तिथपर्यंत पहिली ओळ वगळता प्रत्येक ओळ एक काढता येणारा बहुभुज देते. तेहतिसाव्या ओळीत दोन टोकांना दोन एकम आणि मध्ये नुसती शून्ये, म्हणजे ४२९४९६७२९७. आणि तिथे ६४१ आडवी येते, बहुभुज निघेनासे होतात. ओळी मात्र थांबत नाहीत, आणि चौसष्टाव्या ओळीत चौसष्ट एकम येतात. मेरूची चौसष्टावी ओळ आणि बुद्धिबळाचा पट एकच संख्या सांगतात.

दुसरा आक्षेप असा की ६४ हा आकडाच योगायोगाचा आहे. पट आठ बाय आठचा म्हणून गोष्ट चौसष्टाची. जपानी शोगीचा पट नऊ बाय नऊचा असतो, तर गोष्ट ८१ घरांची झाली असती. झाली असती, पण तिच्यात हा जिना नसता. २ च्या ८१ व्या घातातून १ वजा केल्यास ७, ७३, २६२६५७ असे अवयव मिळतात आणि त्यांच्यात वर्गावर वर्गाची ही उतरंड नाही. निम्मे करत थेट एकापर्यंत उतरता येणारी घरसंख्या हवी, आणि संगणक बांधणाऱ्यांनीही त्याच कारणाने ८, १६, ३२, ६४ अशी बिटांची चढण निवडली. आजच्या संगणकाच्या एका शब्दात मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या हीच आहे. पट आणि चिप यांची इथली गाठ दुपटीच्या तर्काने घातलेली आहे.

पण 'ही फट आहे म्हणून संख्या थोर' हे म्हणणे नुसते रसिकपणाचे नाही, याचा सज्जड पुरावा १९६० मध्ये पोलंडच्या वात्स्लाव सिएर्पिन्स्कीने दिला. प्रश्न असा: एक विषम संख्या घ्या, तिला २ ने, ४ ने, ८ ने असे दुपटीत गुणत जा आणि दरवेळी १ मिळवा, कधीतरी मूळ संख्या येईलच ना? तीन घेतले तर पहिल्याच फटक्यात ७ येते. सिएर्पिन्स्कीने दाखवले की अशा अनंत विषम संख्या आहेत ज्यांच्या बाबतीत मूळ संख्या कधीच येत नाही. त्याचा पहारा असा: घात विषम असेल तर उत्तराला ३ ने भाग जावा, घात विषमाच्या दुप्पट असेल तर ५ ने, चौपट असेल तर १७ ने, आठपट असेल तर २५७ ने, सोळापट असेल तर ६५५३७ ने. राहिले ३२ चे पट. विषमाच्या बत्तीसपटीवर ६४१ उभी करायची. आणि शेवटी उरलेल्या ६४ च्या पटींसाठी आणखी एक पहारेकरी हवा, तो ६७००४१७. फर्माचे म्हणणे खरे असते, सहावी पायरी अखंड असती, तर तिथे एकच मूळ संख्या मिळाली असती आणि शेवटचे दार उघडे राहिले असते. फट होती म्हणून जाळे पुरे झाले. सुरुवातीच्या विषम संख्येने पहिल्या सहा मूळ संख्यांनी भागल्यावर बाकी १ आणि सातवीने भागल्यावर उणे १ द्यायला हवी. आर्यभटाच्या कुट्टकाने हे गणित सुटते, आणि या बाक्यांची सर्वांत लहान विषम संख्या येते १५५११३८०७४६४६२५९३३८१. तीही चौसष्ट घरांच्या आतच बसते.

यावर जाणकार म्हणतील की दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, सेल्फ्रिजने ७८५५७ ही चिमुकली संख्या हेच काम करते हे सिद्ध केले, तेही ३, ५, ७, १३, १९, ३७, ७३ या छोट्या पहारेकऱ्यांनी. मग एवढ्या अवजड संख्येचे कौतुक कशाला? आकाराच्या शर्यतीत ७८५५७ जिंकते, हे मान्य. पण तिचे जाळे शोधाशोध करून विणावे लागते. सिएर्पिन्स्कीचे जाळे जिन्यावरून आपोआप उलगडत येते, का चालते ते एका दमात सांगता येते. शिवाय ७८५५७ हीच सर्वांत लहान का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. २११८१, २२६९९, २४७३७, ५५४५९ आणि ६७६०७ या पाच संख्या अडून बसल्या आहेत.

व्यवहारात याचा उपयोग काय, हा शेवटचा आक्षेप. संगणकावर यादृच्छिक आकडे पाडण्याची जॉर्ज मार्साग्लियाची २००३ मधली एक सोपी पद्धत आहे. तिच्यात ६४ बिटांचा आकडा सरकवून स्वतःत मिसळत जातात. आकडे पुन्हा पहिल्यावर येण्याआधी शून्य सोडून सगळे आकडे एकदा येऊन गेले पाहिजेत, म्हणजे फेरी आपल्या संख्येइतकी लांब हवी. ते मोजून पाहायला शतके लागतील. पण अवयव ठाऊक असल्याने फेरी मधेच संपत नाही एवढे सात ठिकाणी तपासले की पुरते: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७. भाजीवाल्याच्या गाडीवर चिकटवलेला क्यूआर कोड फाटला-मळला तरी वाचता येतो, तोही २५५ च्या, म्हणजे ३ गुणिले ५ गुणिले १७ च्या, अशाच फेरीवर बसवलेल्या गणितामुळे.

शेजारच्या संख्यांचे नशीब वेगळे. एक मिळवले की नुसता २ चा घात. दोन मिळवले की १८४४६७४४०७३७०९५५१६१७, म्हणजे जिन्याची सातवी पायरी. तीही पोकळ निघाली. तिचा अवयव २७४१७७ फ्रान्सच्या लांड्रीने १८८० मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी जाहीर केला. त्यापुढच्या ज्या ज्या पायऱ्यांचा निकाल लागला आहे, त्यांत एकही मूळ निघालेली नाही. वाचक हे सगळे विसरला तरी चालेल, फक्त हा लेख वाचून झाल्यावर कागद-पेन्सिल घेऊन ४२९४९६७२९७ ला ६४१ ने एकदा हाताने भाग द्यावा. भागाकार सातच अंकी आहे, त्यातल्या दोन जागा शून्याच्या आहेत, आणि बाकी काही उरत नाही.